रानडुक्कर आतल्या बाजूला

आमच्या घरात एक भांडण मी जन्मायच्या आधीपासून चालू आहे. सुरा मोठा की म्यान मोठं? बाबा मागच्या शेडमध्ये शिकारीचे सुरे घडवतात आणि आत्या पुढच्या खोलीत त्या सुऱ्यांना चामड्याची म्यानं शिवते. बाबा म्हणतात, "गिऱ्हाईक येतं ते सुऱ्यासाठी." आत्या म्हणते, "आणि मांडी शाबूत ठेवून घरी जातं ते माझ्यामुळे." बाबांचे दोन सुरे कधीच सारखे नसतात. बाबा ह्याला कला म्हणतात, आत्या धांदरटपणा म्हणते. काहीही म्हणा, त्यामुळे प्रत्येक सुऱ्याचं म्यान वेगळं मापून, वेगळं कापून शिवावं लागतं.

मी पहिल्यापासून आत्याच्या पार्टीत. शाळेतून आले की दप्तर कोपऱ्यात आणि मी आत्याच्या टेबलाशी. तीन वर्षं मी दोऱ्याला मेण लावलं, टोच्याने भोकं पाडली, कडा घासून घासून आरशासारख्या केल्या. अख्खं म्यान मात्र एकदाही नाही. आणि ह्या वर्षी मला काय झालं होतं कोण जाणे, जगातलं सगळं आपल्याला येतं असं वाटायला लागलं होतं. वर्गात बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं उत्तर तयार. पोहण्याच्या तलावात सगळ्यात वरच्या फळीवरून उडी मारून झाली. बाबांनी माझं नाव 'सुसाट' ठेवलं आणि मी ते कौतुकच समजले.

मग रविवारी आत्याच्या अंगठ्यावर लाकडी हातोडा बसला. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. साधारण दोन मिनिटं. कारण आई दवाखान्यात नर्स आहे, आणि आत्याचा अंगठा बांधता बांधता ती म्हणाली, "दहा दिवस सुई धरायची नाही," तेव्हा माझ्या डोक्यात एकदम दिवे लागले. भालाताईचं म्यान!

भालाताई म्हणजे आमच्या गल्लीतल्या पोस्टमनकाकांची मुलगी. शाळेत माझ्या पुढे दोन वर्षं. भाला असा फेकते की एकदा तो मैदान सोडून सायकल स्टँडवर गेला आणि मुख्याध्यापकांच्या सायकलच्या सीटमध्ये उभा राहिला. तिच्याशी मी आजवर एकूण चार वाक्यं बोलले होते, त्यातली दोन 'सॉरी' होती. तिला यंदाच शिकारीचा परवाना मिळाला होता. शनिवारी हंगामाचा पहिला दिवस, काकांना रजाही तेवढ्या एकाच दिवसाची, आणि पहाटे दोघं रानडुकरांच्या मागावर जंगलात जाणार होते. सुरा बाबांनी करून ठेवलेला. पण काकांचा नियम कडक: म्यानाशिवाय सुरा कमरेला नाही, आणि कमरेला सुरा नसेल तर पोरगी जंगलात नाही. शुक्रवारी संध्याकाळी सातला ते घेऊन जाणार होते.

"मी करते," मी म्हटलं.

"तू?" बाबा म्हणाले.

"मला सगळं येतं."

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या दुधीभोपळ्याएवढ्या अंगठ्याकडे पाहिलं. "कर."

"पण एक अट आहे. पूर्ण होईपर्यंत कुणी बघायचं नाही."

"मी पण नाही?"

"तू तर मुळीच नाही, आत्या. तू बघितलंस की तुझा चेहरा बोलतो, आणि मग ते तुझं म्यान होतं."

आत्याने हात जोडले, म्हणजे दीड हात जोडला, आणि पुढची खोली माझ्या ताब्यात दिली.

सोमवारी मी चामडं कापलं. आमचं म्यान एकाच तुकड्याचं असतं. तुकडा सुऱ्याच्या पाठीवर दुमडायचा आणि धारेच्या बाजूला शिवायचा. मध्ये एक जाड पट्टी घालायची, म्हणजे धार टाके कापत नाही. वरच्या टोकाला लांब जीभ सोडायची, ती मागे वळवून शिवली की पट्टा ओवायचा फासा तयार. आत्या कागदाचा नमुना चामड्याच्या गुळगुळीत बाजूवर ठेवते आणि बोथट टोच्याने आखते. मला ते कायम वेडेपणाचं वाटायचं. इतकं देखणं अंग आणि त्यावर ओरखडे? मी हुशार. मी तुकडा पालथा घातला, खरखरीत बाजूवर पेनने आखलं आणि रापीने झरझर कापलं. दर्शनी बाजूवर एक रेघ नाही! मी स्वतःची पाठ थोपटायला हात मागे नेला सुद्धा.

सोमवारची उरलेली संध्याकाळ आणि अख्खा मंगळवार मी दर्शनी बाजूवर रानडुक्कर कोरलं. ओलसर चामड्यावर एकेक केस. पाठीवरची ताठ आयाळ, वर वळलेले सुळे, बारीक रागीट डोळा. खोटं कशाला बोलू, ते इतकं जमलं होतं की मीच दोनदा दचकले. मग रंग, मग शिवण, एकाहत्तर टाके. बुधवारी म्यान पाण्यात भिजवलं, सुऱ्याला तीन पदरी प्लास्टिक गुंडाळून आत बसवला आणि चामडं बोटांनी दाबत राहिले, पात्याचा बाक वरून दिसेपर्यंत. ते वाळायला पुरा दीड दिवस लागतो. तेवढा वेळ मी ते टॉवेलखाली झाकून ठेवलं आणि येता-जाता टॉवेलकडे बघून हसत होते.

शुक्रवारी तीनला शाळेतून आले, म्यान माझ्या पट्ट्यात ओवलं, उजव्या कमरेला बांधलं आणि शेडच्या दारात जाऊन उभी राहिले.

"बाबा! आत्या! बघा आता!"

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. मी एकदम ऐटीत मूठ धरली आणि सुरा उपसला. म्हणजे, उपसायला गेले. मनगट पिळलं गेलं, कोपर दारावर आपटलं, आणि सुरा बाहेर आला तेव्हा धार माझ्याच पाठीकडे होती.

बाबा हसले. "काय गं सुसाट, डावखुरी कधीपासून झालीस?"

मी म्यानाकडे पाहिलं. डाव्या कमरेला लावून पाहिलं. तिथे ते फक्कड बसत होतं. पालथ्या बाजूने आखलं की नमुना उलटा होतो, हातमोजा पालथा करावा तसा! मी तीन वर्षं त्या टेबलाशी बसले होते आणि एवढं मला दिसलं नव्हतं. आत्या ओरखडे उगाच काढत नव्हती.

"भालाताई उजवी आहे," मी म्हटलं.

बाबांचं हसू विरलं. "नवीन कर पटकन."

"वाळायला दीड दिवस लागतो, बाबा."

"मग सांगायचं, डावीकडे लाव. हल्ली तशी फॅशन आहे."

"दादा, तू सुरे कर," आत्या म्हणाली. माझ्याकडे वळून तिने म्यान मागितलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. तिने ते फिरवलं, दाबलं, सुरा आत घालून उलटं धरून झटकलं. सुरा हलला नाही. रानडुकराशी ती जरा थांबली.

"काय काय चुकलंय?"

"सगळं! सगळंच उलटं झालंय."

"रडायचं असेल तर चामड्यावर नको, डाग पडतात. नीट सांग. सुरा आत नीट बसतोय?"

"बसतोय."

"धार टाक्यांना लागतेय?"

"नाही."

"मग?"

मी नाक पुसलं आणि म्यान पुन्हा कमरेशी धरलं. उलटं फिरवून धरलं. पाठ बाहेर, रानडुक्कर मांडीकडे. आणि धार बरोब्बर पुढे आली. "फासा," मी म्हटलं. "फक्त फासा चुकीच्या बाजूला आहे. पण आत्या, तो ह्या बाजूला शिवायचा तर…"

"तर?"

तर एकाहत्तर टाके उसवायचे, कारण म्यान उघडल्याशिवाय आतून सुई जात नाही. तर जीभ कापून टाकायची, आणि ती जिथे शिवली होती तिथली सहा भोकं आता दर्शनी बाजूला येणार, सगळ्यांना दिसणार. तर नवा फासा रानडुकराच्या पाठीवर शिवायचा, आणि तो अख्खा प्राणी आयुष्यभर भालाताईच्या पँटला तोंड लावून बसणार. मी हे सगळं एका दमात बोलले.

"साडेतीन वाजले," आत्या म्हणाली.

उसवणं सोपं असतं असं वाटतं ना? मुळीच नसतं. मेणाचा दोरा घट्ट बसलेला, आणि कात्रीचं टोक जरा घसरलं की चामडं गेलं. वीस टाके होईपर्यंत मी स्वतःला नावं ठेवत होते. मग कंटाळा आला आणि नुसती उसवत राहिले. पावणेपाचला म्यान पुस्तकासारखं उघडलं. मी जीभ कापली, कापलेली कड घासली, रंगवली, पुन्हा घासली. उरलेल्या चामड्यातून नवा फासा कापला. ह्या वेळी गुळगुळीत बाजूवर आखून, हो!

मग टोचा हातात घेऊन मी रानडुकरासमोर बसले. पाचला पाच मिनिटं कमी होती. पाचलाही मी तशीच बसले होते.

"थोडा वर शिवला तर?" मी विचारलं. "नुसते कान जातील."

"वर शिवलास तर काय होईल?"

"सुरा हिंदकळेल. धावताना मांडीवर आपटेल."

आत्याने मेण माझ्याकडे सरकवलं. तिचा चेहराही बोलला नाही, ही खरी कमाल. मी डोळे उघडे ठेवून त्या आयाळीतून पहिलं भोक पाडलं. टच्च. दुसरं पाडताना एवढं काही वाटलं नाही.

सव्वासहाला चाळीस टाके झाले होते आणि दारात भालाताई उभी. लवकर आली होती! मागे पोस्टमनकाका, अजून गणवेशात, खांद्याला रिकामी पिशवी.

"झालं का गं?" ताईने विचारलं.

"होतंय," मी म्हटलं. हातात दोन सुया, दातात दोरा.

ती सरळ माझ्या समोरच्या स्टुलावर येऊन बसली आणि बघायला लागली. माझी आधीची ती अट आठवून मला हसू आलं. आता अख्खी गल्ली आत आली असती तरी मला वेळ नव्हता.

"हे कोरलेलं मागे का?" तिने थोड्या वेळाने विचारलं. "पुढे असतं तर मस्त दिसलं असतं."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तोंडात आलंच होतं: ही खास पद्धत आहे, शिकाऱ्याचं जनावर शिकाऱ्याच्या अंगाला लागून असावं, वगैरे वगैरे. बाबांनी मागच्या दारातून भुवया उडवल्या, म्हणजे सांग सांग. आणि मी सांगितलंही असतं. पण तिची नजर त्या सहा भोकांवर होती, आणि उद्या जंगलात ते तिच्याच कमरेला असणार होतं.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "उलट्या बाजूने आखलं. डावखुऱ्याचं म्यान झालं होतं. दुपारी उसवून फासा बदलला. भोकं राहिली, ती जाणार नाहीत. बाकी पक्कं आहे."

"म्हणजे पत्ता पाकिटाच्या आत लिहिलास म्हण की!" काका म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

ताई हसली नाही. "पक्कं आहे हे कशावरून?"

"शेवटचे आठ टाके राहिलेत. ते झाले की तूच बघ."

सातला दहा कमी असताना मी दोरा कापला. ताईने म्यान पट्ट्यात ओवलं, सुरा आत सरकवला. टक्क असा आवाज आला. मग ती आमच्या पुढच्या खोलीत जे करायला लागली ते बघून बाबासुद्धा आत आले. ती उड्या मारत होती. टेबलाखालून कोपरांवर सरपटत गेली आणि पलीकडून निघाली. शेवटी भिंतीला पाय लावून चक्क हातांवर उभी राहिली, तोंड लालबुंद.

"पडतोय?" तिने खालून विचारलं.

"नाही!" आम्ही सगळे ओरडलो. काका सगळ्यात जोरात.

ती उभी राहिली, केस मागे सारले, आणि कुणाला काही कळायच्या आत उजवा हात खाली गेला आणि वर आला. सुरा हातात, धार पुढे. मनगट सरळ.

"चालेल ना, बाबा?" तिने विचारलं.

पोस्टमनकाकांनी वाकून म्यान पाहिलं. भोकांवरून बोट फिरवलं, शिवणीवरून अंगठा नेला, फासा धरून असा हिसका दिला की ताई अख्खी हलली. "चारला उठायचंय," ते तिला म्हणाले. "आज मोबाइल नाही, लवकर झोपायचं."

दारातून बाहेर पडताना ताई मागे वळली. "तुझं टोपणनाव काय? सगळे काय म्हणतात?"

"सुसाट."

"दिसतंच," ती म्हणाली आणि गेली.

मी आत्याकडे वळले. वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. ती टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करत होती.

"आत्या, कसं झालं?"

"टाके पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा सरळ आलेत."

"म्हणजे चांगलं?"

"म्हणजे सरळ." मग तिने बांधलेल्या अंगठ्यानेच माझ्या डोक्यावर टपली मारली आणि स्वतःच "आई गं!" म्हणून ओरडली.

शनिवारी मी गजर लावला नव्हता, तरी पाचला जाग आली. खिडकी उघडली तर गार हवा, आणि गल्लीतून दोन टॉर्च चाललेले. पुढे काका, मागे ताई. उजव्या कमरेला म्यान, आणि दिव्याखालून जाताना ती सहा भोकं मला इथून दिसली. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. ते चालताना जरासुद्धा हिंदकळत नव्हतं.

"ताई!" मी ओरडले. "धार पुढे आहे ना?"

समोरच्या घरात कुत्रा भुंकायला लागला. काकांनी टॉर्च माझ्या तोंडावर मारला.

"पुढे आहे!" ताई ओरडली. "आणि डुकरं पळवायची असतील तर अजून जरा मोठ्याने ओरड!"