एकेचाळिसावी डबी

नाकमामांना सहा महिन्यांपासून वास येत नव्हता. साधा ताप आला, उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. घरी दूध करपलं तरी मामा आपले ढिम्म. पण हे प्रयोगशाळेत सांगणार कोण? तीस वर्षं जमिनीत भोकं पाडून माती काढणारा हा माणूस मूठभर माती हुंगून सांगायचा, खाली रॉकेल मुरलंय की डिझेल. नाव पडलं तेच मुळी नाकावरून. नाकच गेलं म्हटल्यावर उरलं काय, नुसते मामा!

आणि नेमकं तेव्हाच प्रयोगशाळेतल्या एका संशोधक पोरीने दूषित माती ओळखणारं यंत्र तयार केलं. मातीच्या एकेका डबीच्या रीतसर तपासणीला महिना लागतो, म्हणून प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, आधी मामांच्या नाकाशी ताडून बघा.

मामा तसे चतुर. डबीचं झाकण उघडलं की पोरीची डावी नाकपुडी किंचित फुगते, आणि तीही मातीत तेल असलं तरच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी, ती ठाऊक असलेल्या मातीवर यंत्र लावून बघत असताना हेरलं. मग काय! डबी नाकाशी धरायची, डोळे बारीक करायचे आणि चोरून तिच्याकडे बघायचं. "खराब." "स्वच्छ." तीन महिन्यांत चाळीस डब्या झाल्या आणि चाळीसही यंत्राशी जुळल्या. मामांची कॉलर ताठ.

शेवटची, एकेचाळिसावी डबी साहेबांनी स्वतः आणली. पोरीला म्हणाले, "यंत्र मी चालवतो. तू बाहेर थांब, मागाहून कुणाला शंका नको." दार बंद झालं. साहेबांच्या नाकाकडे बघावं, तर त्यांना बारमाही सर्दी!

मामांनी हुंगलं. काही म्हणजे काही नाही. "स्वच्छ," त्यांनी ठोकून दिलं.

यंत्रावर लाल दिवा लागला, म्हणजे खराब.

साहेबांनी सुस्कारा टाकून पेन उघडलं. "तुमचं नाक तीस वर्षांत चुकलं नाही, मामा. म्हणजे यंत्रच गंडलं. नापासचा शेरा द्यावा लागणार. गेलं बिचारीचं दोन वर्षांचं काम."

दाराच्या काचेपलीकडे पोरगी नखं कुरतडत उभी होती. मामांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"थांबा, साहेब! यंत्र बरोबर असेल. मला वासच येत नाही. गुलाब काय नि गटार काय, सहा महिने सगळं सारखंच."

"अहो, मग त्या चाळीस डब्या?"

मामांनी काचेकडे बोट केलं. "हिच्या नाकपुडीवरून."

साहेबांनी आधी कपाळावर हात मारला, मग पोरीला आत बोलावून सगळा प्रकार सांगितला. "आता एकेचाळीसही डब्या रीतसर तपासणीला जातील. तोवर शेरा नाही," ते गुरगुरले. मामा मान खाली घालून बोलणी खायला तयार होते. पोरगी मात्र त्यांच्याकडे वळली.

"म्हणजे मामा, तीन महिने तुम्ही डोळे बारीक करून बघत होता, ते ह्यासाठी? मला वाटायचं, माझं काम तुम्हाला मुळीच पसंत नाही. घरी जाऊन रडायचे हो मी!"

"अगं वेडे," मामा म्हणाले, "तुझ्यावाचून माझं पानसुद्धा हलत नव्हतं."