धुण्याआधी

"रणनवरे साहेब, तुमचा 'काहील' का लावला नाही?"

विचारून झाल्यावर विमलाच्या लक्षात आलं, की माईक आपण तोंडाला फारच चिकटवून धरलाय. तिचा 'नाही' टॉकीजच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला. आठव्या रांगेत शालू आणि चिमा एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत असणार. पैज त्यांचीच होती. चित्रपट महोत्सवाच्या पत्रिकेत कोल्हापूरच्या दिग्दर्शकांची नावं आणि त्यांचे सिनेमे छापले होते. अंबादास रणनवरे या नावापुढं एकच सिनेमा होता, 'काहील', १९६१, आणि तीन दिवसांच्या खेळांत तो कुठंच नव्हता.

"दम असला तर विचार जा," शालू म्हणाली होती.

"मी घाबरतो व्हय?" म्हणत विमला उठली होती. मधल्या वाटेनं माईकपर्यंत चालत गेली, तेव्हा सगळ्या टॉकीजमध्ये तिच्या पैंजणांशिवाय दुसरा आवाज नव्हता. तेही तिला आवडलं होतं. वक्तृत्वात पहिली आल्यापासून तिला स्वतःचं चालणंसुद्धा आवडायला लागलं होतं.

स्टेजवर फेटे बांधलेले पाच सत्कारमूर्ती बसले होते. रणनवरे शेवटच्या खुर्चीत. त्यांचा फेटा सैल होऊन कपाळावर उतरला होता आणि मांडीवरचा नारळ त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, कुणी परत मागेल की काय अशा धास्तीनं. त्यांनी विमलाकडं पाहिलं. मग तिच्या पायांकडं पाहिलं, आणि बराच वेळ तिथंच पाहत राहिले.

"तू कुणाची गं, बाळ?"

"गुजरीतल्या नृसिंह पोतदारांची."

"नृसिंहाची." फेटा सावरायला वर गेलेला हात वाटेतच थांबला. "बरा हाय न्हवं? माझा नमस्कार सांग त्याला. आठवणीनं सांग."

"सांगतो की. पण 'काहील'?"

लोक हसले. सूत्रसंचालक लगबगीनं पुढं झाले, त्यांना रणनवऱ्यांनी हातानंच थांबवलं.

"त्याची प्रिंट राहिली न्हाई," ते म्हणाले. "एकच होती. बस जा, पोरी. चांगलं विचारलंस."

टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर शालूनं ठरल्याप्रमाणे भेळ दिली. "म्हातारा तुझ्या पायाकडंच बघत हुता की गं!" ती म्हणाली. विमलाला हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढच्या खोलीत आण्णा शेगडीपाशी बसून फुंकणीनं कुणाच्या तरी जोडव्याला डाग देत होते. आई आत भाकरी थापत होती. दोघांना एकदमच ऐकू जावं म्हणून विमलानं दारातूनच सुरुवात केली. माईक, भिंतीवर आपटलेला आवाज, सैल फेटा, सगळं हातवारे करून सांगितलं.

"आणि आण्णा, तुम्हाला नमस्कार सांगितलाय त्यांनी. आठवणीनं सांग म्हणाले."

आण्णांनी फुंकणी खाली ठेवली.

"कुणी?"

"रणनवऱ्यांनी."

"नमस्कार? शिव्या न्हाईत?"

आत भाकरीची थाप थांबली. आई पिठाच्या हातांनी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"सांगा आता," ती म्हणाली. "ल्हान न्हाई ऱ्हायली ती."

आण्णांनी निखारे उगीचच चिमट्यानं इकडंतिकडं केले. मग निखाऱ्यांकडंच बघत बोलू लागले.

"त्या फिल्मवर चांदी असती. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर. सोड्याच्या गरम पाण्यात भिजवली की सुटती, गाळ होऊन तळाला बसती. तवा गुजरीत आम्ही दोघं-तिघं सोनार ते काम करायचो. स्टुडिओतनं जुने डबे यायचे. रणनवरे सायकलवरनं सोताच घेऊन आले. चौदा डबे, दोन खेपा. पिक्चर चारच दिवस चालल्याला. नंतर कुणी विचारलं न्हाई. पोरगी आजारी हुती त्यांची."

"आणि तुम्ही धुतला?"

"कामच ते माझं." आण्णांनी चिमटा बाजूला ठेवला. "जाताना एवढंच म्हणाले, धुण्याआधी एकदा उजेडात धरून बघ, नृसिंहा. कुणीतरी बघितल्यालं बरं."

"बघितला?"

"चौदा दिवस," आई म्हणाली. "रोज एक डबा, त्या खिडकीत. तुझ्या वेळचा आठवा लागला हुता मला. मी गुंडाळी धरून बसायची, हे उलगडत जायचे."

"नखाएवढी चित्रं," आण्णा म्हणाले. "शिरोळचा पूर हाय. होडी न्हाई, काय न्हाई, तर गूळ शिजवायच्या काहिलीत बसून एक बाई माणसं काढती. एकेकाला. एवढ्याशा काहिलीत म्हशीचं रेडकूसुदिक घेती. शेवटाला एकटीच ऱ्हाती, मांडीवर कोंबडी घेऊन. पाणी मोठं हुत जातं आन् बाई बारकी हुत जाती. ते काय टाकवंना. चुलीवरचं पाणी दोनदा गार झालं."

"मग?"

"मग टाकलं."

शेगडीवर राख चढत गेली.

"त्या चांदीचं काय केलंत?"

आण्णांनी फुंकणी उचलली. आईनं नुसतं खाली, विमलाच्या पायांकडं पाहिलं. बारशात घातलेले पैंजण. दर दोन-तीन वर्षांनी पाय वाढला की आण्णा ते मोडायचे, थोडी चांदी घालायचे आणि पुन्हा घडवायचे. दुसरे करा म्हटलं की उठून जायचे.

विमला होती तिथंच खाली बसली. पाय परकरात ओढून घेतले, तेव्हा ते वाजले. मधल्या वाटेनं आपण कसं चालत गेलो होतो ते तिला आठवलं, आणि शेवटच्या खुर्चीतल्या माणसानं ते कसं शेवटपर्यंत ऐकलं होतं तेही.

"बाई कुठल्या रंगाचं लुगडं नेसली हुती, ते काय कळायचं न्हाई," आण्णा अजून बोलतच होते. "पर काठ रुंद हुता."

"पदर फाटल्याला हुता," आई म्हणाली. "सातव्या डब्यापासनं."

विमलानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग उठून दप्तरातली कोरी शंभर पानी वही काढली आणि ती आण्णांच्या पुढ्यात, शेगडीपासून जरा लांब, ठेवली.

"उद्या सुट्टी हाय. मी रणनवऱ्यांच्याकडं जाणार," ती म्हणाली. एरवीपेक्षा आवाज बराच खाली होता. "पहिल्या डब्यापासनं सगळा पिक्चर लिहून घेणार. त्यांना जे आठवणार न्हाई, ते तुम्ही दोघांनी सांगायचं. तुम्हीबी येताय."

"मी कुठल्या तोंडानं येऊ?"

"त्यांनी नमस्कार सांगितलाय, आण्णा."

आण्णांनी वहीवरून हात फिरवला. हाताची काजळी पुठ्ठ्यावर उमटली.

"मग ते पैंजण तेवढं काढून ठेव," ते म्हणाले. "त्यांच्या म्होरं नको."

"न्हाई," विमला म्हणाली. "घालूनच जाणार."