अश्वजित माझ्यात का रडायचा?

मी एक जुना पाळणा आहे, मित्रांनो! लोखंडी चौकट आणि मध्ये टांगलेलं स्टीलचं टोपलं, असा माझा थाट. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर दोन-चार वर्षांनी नागपूरच्या एका धर्मादाय संस्थेने करडी गावाला पाळणाघर दिलं आणि माझ्या भावंड-पाळण्यांसोबत मला तिथे धाडलं. रोवण्याच्या दिवसांत बाया चिखलात धान लावायला जातात. तेवढ्यापुरती त्यांची तान्ही लेकरं तिथे सांभाळायची. मी आलो तेव्हा बघायला सारं गाव लोटलं. काय माझी ऐट!

पण धान लावायला निघालेल्या रुचिताने आपल्या तान्ह्या अश्वजितला माझ्यात ठेवलं आणि त्याने असं भोकाड पसरलं म्हणून सांगू! बाकीची लेकरंही तशीच. मी कोड्यात पडलो. मी करकरतो का? की माझ्या रंगाचा वास येतो? पाळणाघर सांभाळणाऱ्या मंजुषाताई लेकरांना आळीपाळीने मांडीवर निजवायच्या आणि माझ्यात कांदे ठेवायच्या. अपमानच की हो!

एक दिवस रुचिता लेकराला पाजायला आली असताना संस्थेच्या बाई पाहणीला आल्या. मंजुषाताईंनी घाईघाईने कांदे काढून अश्वजितला माझ्यात निजवलं. त्याने घर डोक्यावर घेतलं. बाईंचा चेहरा उतरला.

"पाळणे वापरातच नाहीत. मग हे पाळणाघर दुसऱ्या गावाला दिलेलं बरं."

रुचिता पांढरीफटक पडली. पाळणाघर गेलं, तर लेकराला शेताच्या धुऱ्यावर, उघड्या बांधावर विंचूकाट्यात ठेवून रोवणा करावा लागणार होता.

बाई दारापाशी थबकल्या. "पण हा रडतो का गं? घरी कशात झोपतो?"

अगदी माझाच प्रश्न! मला कान नाहीत, तरी ते मी टवकारले.

रुचिताने माझं टोपलं काढलं, आपलं जुनं लुगडं चौकटीला बांधलं आणि त्या झोळीत अश्वजितला ठेवलं. त्याने कापडात नाक खुपसलं आणि गुडूप झाला.

"त्याले माह्या लुगड्याचा वास लागते जी. पत्रा पाठीले थंडा लागते."

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"देणाऱ्याले नाव कायले ठेवावं, बाई?"

"ठेव, खुशाल ठेव! आणखी काय हवं?"

रुचिता चाचरली. बाई खाली सतरंजीवर बसल्या आणि वाट पाहत राहिल्या.

"पाळणे नोको जी. मंजुषाताईचा पगार धान कापणीपर्यंत द्या. कापाले जातो, तवाबी लेकरू हायेच ना."

त्या वर्षी कापणीलाही पाळणाघर उघडं राहिलं.

मित्रांनो, माझे गज आता गंजलेत, जमलं तर थोडं तेल लावा. आणि कुणाला काही द्यायला गेलात, तर आधी विचारा. विचारल्यावर थोडं थांबा. घेणाऱ्याला बोलायला वेळ लागतो.