जागेबाबांचे दोन डबे

गॅरेजच्या वरच्या त्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. शिफ्ट संपवून आलेले, शिफ्टला निघालेले, परीक्षेला बसलेले. सगळ्यांचे डोळे तारवटलेले आणि चेहऱ्यावर धन्यता. समोर गादीवर जागेबाबा. म्हणे, वर्षानुवर्षं त्यांनी पाठ टेकलेली नाही.

“झोप म्हणजे अर्धं मरण!” बाबा गरजले. “माझी भुकटी जिभेवर ठेवा. झोप चपला टाकून पळेल!”

“खरंय बाबा!” हॉल एकसुरात ओरडला. खांद्यावरचं माझं बाळ दचकून रडायला लागलं.

माझा नवरा छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर आहे. बाळ झाल्यापासून घरात कुणाचीच धड झोप होत नव्हती, त्यात त्याने दोन-दोन पाळ्या धरलेल्या. सासूबाईंनी त्याला इथे आणलं आणि खरोखरच तो टक्क जागा राहू लागला. बाबांनी मलाही समोरच्या दोन डब्यांपैकी उजव्यातली पुडी देऊ केली. मी अंगावर पाजणारी बाई, विचारलं, “यात काय आहे?” त्याबरोबर बाबांचा हात उजव्या डब्यावरून डाव्या डब्याकडे वळला. त्यातली पुडी मी घरी आणली, पण खाल्ली नाही. सासूबाईंनी त्यातली चिमूटभर खाल्ली आणि बसल्या जागी घोरू लागल्या.

“तुझ्या शंकेने भुकटी नासली!” जाग आल्यावर त्या म्हणाल्या.

मी उरलेली पुडी फडताळात ठेवली. वाद घालायलाही अंगात जोर लागतो.

पण एका दुपारी नवरा बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. डोळे उघडे, हात ढिले. बाळ हळूहळू घसरत होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. मी झेप घेऊन धरलं.

“काय झालं? मी जागाच आहे की,” तो म्हणाला.

हाच माणूस उद्या पात्यासमोर उभा राहणार होता.

माझी एक कॉलेजातली मैत्रीण जाग आणणारी औषधं मेंदूत काय करतात यावर प्रयोगशाळेत संशोधन करते. दोन्ही डब्यांतल्या पुड्या मी तिच्यापुढे टाकल्या. तपासून ती म्हणाली, “तुझी नुसती राख आहे. त्याच्या राखेत जाग आणणारी गोळी कुटून घातलीय.”

हे सांगितलं तर नवरा फणकारला, “तुला बाबांचं बघवत नाही!”

म्हणून आज मैत्रिणीलाही घेऊन आम्ही सगळे हॉलमध्ये होतो. बाळाला थोपटत मी उभी राहिले.

“बाबा, माझ्या नवऱ्याची श्रद्धा पक्की आहे ना?”

“पोलादी!”

“मग त्याला आज डाव्या डब्यातली द्या.”

“डावा डबा शंकेखोरांचा!”

“बरं, मग माझ्या या शंकेखोर मैत्रिणीला उजव्यातली द्या. ती जागी राहिली तर शक्ती श्रद्धेत नाही, डब्यात आहे.”

बाबांनी दोन्ही डबे मांडीखाली ओढले. मागून कुणीतरी म्हणालं, “द्या की बाबा, तुमचं काय जातंय?” बाबांना अचानक समाधी लागली. दिवसरात्र जागणाऱ्याचे डोळे मिटले ते उघडेनात!

मैत्रीण लोकांकडे वळली. “यात औषध आहे, मी स्वतः तपासलंय. डॉक्टर काही आजारांत ते जपून देतात. त्याने मेंदूतली जाग ठेवणारी रसायनं वाढतात. तरतरी वाटते, थोडा वेळ कामही होतं. पण साचलेली झोप कुठे जात नाही. डोळे उघडे असतात आणि मेंदू क्षणभर डुलकी घेतो. माणूस मात्र शपथेवर सांगतो, मी जागा आहे.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे. “त्या दुपारी... पडत होता का गं हा?”

“हो.”

त्याने खिशातली पुडी मैत्रिणीच्या हातात दिली. छापखान्यात फोन करून तो म्हणाला, “आज मशीनवर दुसऱ्याला उभं करा.” घरी येऊन जो आडवा झाला तो हलेचना. सासूबाई उशाशी डोळे पुसत बसल्या. “बाबांची कृपा उतरली गं!”

“कृपा नाही आई, गोळी उतरली. झोपू द्या त्याला.”

तुमच्या घरीही कुणी अशी पुडी आणली तर आधी विचारा, यात काय आहे? उत्तराऐवजी तुमच्या श्रद्धेची चौकशी सुरू झाली, तर पुडी घेऊन डॉक्टरकडे जा. आणि घरातलं थकलेलं माणूस दिसलं, तर त्याच्या हातातलं काम काढून घ्या, अंथरूण घालून द्या. दुसरा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही.