ओढ्याचा रंग आणि बुवांचं धोतर

गणपतराव बुवांची तारीख मिळवायला आकारामानं इतके हेलपाटे घातले होते, की बुवांचं कुत्रंही त्याला पाहून शेपूट हलवायचं. सप्ताहाचं काल्याचं कीर्तन बुवांच्या मुखातून ऐकावं, एवढीच त्याची आस. तो दिवस उजाडला आणि नेमकी त्याच सकाळी कोल्हापूरहून आदिती नावाची इंजिनिअर ओढ्याचं पाणी मोजायला आली.

"काका, मी वरच्या अंगाला मोजून रंग ओतणार. खाली पुलाजवळ तो किती पातळ झाला, हे यंत्र सांगतं. त्यावरनं पाणी किती वाहतंय ते कळतं. अपाय काही नाही, पण रंग कापडाला, कातडीला बसतो. तेवढा वेळ कुणाला उतरू देऊ नका."

"चिमणीसुदिक उतरायची न्हाय," आकाराम म्हणाला.

त्यानं म्हशी हाकलल्या. धुणं घेऊन आलेल्या बायकोला, बायडाबाईलाही माघारी धाडलं. मग वळणापलीकडं पाहतो तर करंजाखाली कमरेएवढ्या पाण्यात साक्षात बुवा. कीर्तनाआधी वाहत्या पाण्यात स्नान, हा त्यांचा नेम. डोळे मिटलेले, ओठांवर नाम.

नाम घेणाऱ्याला मधेच हाक मारायची? आकारामाच्या सात पिढ्यांत हे पाप कुणी केलं नव्हतं. तो हात जोडून काठावर उभा राहिला. वळणावरून रंग आला, आणि बुवांनी नेमकी तेव्हाच बुडी मारली.

वर आले तेव्हा मिशी, जानवं, धोतर, सगळं जोतिबाच्या गुलालात लोळल्यागत.

"बुवा, निवडणुकीत कुठली सीट काढलीसा?" म्हशींमागून गुराखी तवनाप्पानं विचारलं.

बुवांनी तडक देवळामागची खोली गाठली आणि आतून कडी घातली.

"या रूपात मी उभा राहणार नाही."

"दुसरं धोतर देतो की, बुवा."

"आणि तोंड? तेही दुसरं देणार?"

मंडप भरला होता. आकाराम आणि टाळकरी खोलीच्या दाराशी ताटकळले. तेवढ्यात आदिती बादली घेऊन आली. "काका, यंत्र ओढ्यात भलतंच जास्त पाणी दाखवतंय. रंग खाली पुरता पोचलाच नाही. कुठं मुरला?"

"मुरला न्हाय. आत कडी लावून बसलाय."

"मग पुन्हा मोजावं लागेल. नशीब, बादलीत उरलाय थोडा."

आकारामानं बादलीकडं पाहिलं. "अपाय न्हाय म्हणालासा न्हवं?"

"नाही, पण..."

त्यानं टोपी बुडवली आणि पिळून तोंडावरून फिरवली. टाळकरी आधी हसले. मग एकानं उपरणं बुडवलं, दुसऱ्यानं सदऱ्याची बाही.

"ही धुनार कोन?" बायडाबाईनं विचारलं.

खिडकीतून बुवांना दिसलं, गुलाबी टाळकऱ्यांची रांग गंभीर चेहऱ्यानं हात जोडून उभी. आतून खाकरल्याचा आवाज आला. मग कडी निघाली.

"आकारामा," बुवा करड्या आवाजात म्हणाले, "मृदंगवाला तेवढा पांढरा राहिलाय."

मृदंगवाला पळायच्या आत आदितीनंच बादली पुढं केली.