एस्टोनियाची मतं आलेली नाहीत

मंगळवारी सकाळी माझ्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा पॅसेज अकरा फुटांनी वाढलेला होता. नजरेचा अंदाज सांगत नाही, टेप लावून मोजला. चौतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात काढलीत, फूट-इंच मला कुणी शिकवू नयेत. सोमवारी चौदा फूट, मंगळवारी पंचवीस. फरशी तीच करडी, नव्या तुकड्याला कुठे सांधा म्हणून दिसत नव्हता. भिंतीवर मात्र आणखी एक कॅलेंडर आलं होतं, आमच्या जुन्या कॅलेंडरसारखंच, त्याच महिन्यावर उघडलेलं.

मी घाबरलो वगैरे नाही. मला राग आला. कारण पॅसेज कशाने वाढतो हे मला पक्कं ठाऊक होतं. तो नियम माझाच आहे.

कराडच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून मी चौदा वर्षं एक आंतरराष्ट्रीय गाण्यांची स्पर्धा चालवतो. सगळं इंटरनेटवर, सगळे हौशी लोक. त्रेचाळीस जण, प्रत्येकाने एकेक देश धरलेला. त्या देशाच्या नावाने एक गाणं पाठवायचं, भाषेचं बंधन नाही. मग बाकीच्यांची ऐकायची आणि आवडतील त्या दहांना गुण द्यायचे, सगळ्यांत आवडलं त्याला बारा, मग दहा, आठ, सात असे उतरते. स्वतःला देता येत नाहीत. मलाही आयोजक म्हणून मत आहे. कोण कुठला देश आहे ते गुप्त असतं. नावं फक्त फोंड्याच्या प्रभुदेसायांकडे, ते मतं मोजतात.

आमच्याकडे नियम लिहिला की लागू होतो. खरोखरच लागू होतो. नववा नियम असा की रविवारी संध्याकाळी सहापर्यंत ज्याची मतं आली नाहीत त्याचं गाणं सगळ्यांच्या डोक्यातून जातं. पंचेचाळिसाव्या फेरीत पोर्तुगालवाल्याला डेंग्यू झाला, मतं राहिली. मुदत वाढवा म्हणून त्याच्या बायकोने तीन पत्रं धाडली. मी वाढवली नाही. एकाला बोट दिलं की सगळे हात धरतात. सहा वाजले आणि ते गाणं गेलं. मी त्याला दहा गुण दिले होते एवढं वहीत आहे, का दिले ते काही केल्या आठवत नाही. गाणारी बाईसुद्धा विसरली आणि गाण्यामागोमाग तिचा आवाजही गेला. ती आता दुकानात वस्तूंकडे बोट दाखवते म्हणे.

सहावा नियम साधा आहे. मतदान चालू असताना आयोजक आणि स्पर्धक एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात असू नयेत. लोक फोन करकरून गुण मागायला लागले होते, म्हणून तो करावा लागला. तेव्हा पॅसेज वाढला याचा अर्थ एकच: माझ्या घरात कुणीतरी स्पर्धक होता. आणि घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको शालन.

आधी मी प्रभुदेसायांवर संशय घेतला, की माझ्या घरातलं नाव घेऊन यांनीच ते लपवलंय. गोड बोलणारा माणूस, अशांवर माझा मुळीच विश्वास नाही. त्यांना फोन करून यादी मागितली. ते म्हणाले की यादी कुणालाच द्यायची नाही, हा बारावा नियम, आणि खाली सही माझी आहे. बरोबरच होतं. बरोबर असल्यामुळे संशय आणखी वाढला.

शालन चहा घेऊन आली तेव्हा तो कोमट झाला होता. मी सरळच विचारलं, तू स्पर्धेत नाव दिलंयस का. ती म्हणाली, "मी कशाला देते? मला काय कळतं त्यातलं." आणि कप ठेवून पंचवीस फूट चालत परत गेली. पाठमोरी असताना ती जराशी हसल्यासारखी वाटली. मग मला एकेक गोष्टी आठवायला लागल्या. गेला महिनाभर ती ओट्याशी कानात इअरफोन घालून उभी असायची. प्रवचन ऐकतेय म्हणायची. पिठाच्या डब्याखाली एक कागद सापडला होता, त्यावर बारा, दहा, आठ, सात असे आकडे. मला वाटलं विणकामाचे टाके असतील. स्वेटर काही अजून आलेला नाही.

बुधवारी पॅसेज ऐंशी फूट झाला. गुरुवारी माझी शंभर फुटी टेप पुरेना, म्हणून पावलांनी मोजला: सहाशे चाळीस पावलं, आणि मी पुढे जाईन तसतसं स्वयंपाकघर मागे सरकत होतं. बाहेरचं दार, न्हाणीघर माझ्याच बाजूला राहिलं होतं. लांबवर दिव्याखाली ती पोळ्या लाटताना दिसायची, अंगठ्याएवढी. हाक मारली तर आवाज मधल्या कॅलेंडरांपाशीच कुठेतरी संपायचा. फोन लावला, वाजला नाही. हाकेचा टप्पा म्हणजे त्यात फोनही आला, हेसुद्धा मीच नियमात घालून ठेवलेलं. त्या दिवसापासून माझ्याकडे जेवणाचं ताट येणं बंद झालं आणि मी वॉचमनकडून वडापाव मागवू लागलो.

शुक्रवारी हेडफोन लावून त्रेचाळीस गाणी पुन्हा ऐकायला बसलो. माझी मतं सोमवारी रात्री मतदान उघडताच गेली होती, ती आता बदलता येत नाहीत. पण चोर पकडायचा होता. एकोणिसावं गाणं एस्टोनियाचं. बाईचा एकटा आवाज, मागे वाद्य नाही. वहीत मी शेरा मारला होता: ध्वनिमुद्रण घरगुती, भाव बरा. गुण दिले नव्हते. दुसऱ्यांदा ऐकताना मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. तीन शिट्ट्या, मग गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज, आमच्याच बटणाचा, ते जरा अडकतं.

मग शब्द ऐकू आले. ते मराठीच होते. मी ते एस्टोनियन समजून ऐकलं होतं. इतकी वर्षं न समजणारे शब्द ऐकून ऐकून मला ती सवय लागली होती. शालन गात होती की वडील गेल्याचा फोन आला तेव्हा समोर बसलेल्या माणसाने हेडफोन न काढता हाताने थांब अशी खूण केली होती. ती थांबली होती. पुढे ती गात होती की लग्नाआधी ती दोनदा सांगलीच्या आकाशवाणीवर गायली होती, आणि हे तिने त्या माणसाला चार वेळा सांगितलंय. मला एकदाही आठवत नव्हतं. मी हेडफोन काढून ठेवला. लाज वाटली, दुसरं काय.

शनिवारी प्रभुदेसायांचा फोन आला. बेचाळीस देशांची मतं पोचली होती. "एस्टोनियाची आलेली नाहीत," ते म्हणाले. एवढं ते सांगू शकत होते.

मी म्हणालो मुदत वाढवू. ते म्हणाले, मतदान चालू असताना कुठलाही नियम बदलता येत नाही, पंधरावा. मी म्हणालो, मग तुम्ही तिला कळवा. ते म्हणाले, मतं मोजणाराही आयोजकांतच धरावा असं सहाव्या नियमाखाली बारीक अक्षरात लिहिलंय. पूर्वी मला या माणसाच्या पाठांतराचा अभिमान वाटायचा. मेला तो अभिमान.

शेवटी आमच्या वॉचमनला, गोपाळ तडवळेला, चिठ्ठी देऊन पाठवला. तो कुठल्याच स्पर्धेत नव्हता, त्याला पॅसेजची आडकाठी नव्हती. चिठ्ठीत लिहिलं: मतं पाठव, नाहीतर गाणं जाईल, आवाजही जाईल. तो सायकलवरून गेला आणि दीड तासाने घाम पुसत परत आला. वहिनींनी कांदेपोहे दिले, चिठ्ठी वाचली, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. निरोप काही नाही. मी दोनदा विचारलं, काही म्हणाल्या का. तो म्हणाला, "साहेब बारीक झालेत का, एवढंच विचारलं."

म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून ती मतं पाठवत नव्हती. आता मला नवाच संशय आला, की ही मुद्दाम करतेय, मला धडा शिकवायला. रविवारी दुपारपर्यंत मी तो संशय धरून बसलो, कारण तो सोडला असता तर नुसती भीती उरली असती. तिचा आवाज नसलेलं हे घर मला डोळ्यांपुढे आणता येईना. तो आवाज मी ऐकत नव्हतो खरा, पण तो होता.

साडेपाचला मी आयोजकपदाचा राजीनामा लिहिला; आयोजकच नसलो तर सहावा नियम लागणार कुणाला. चौदा वर्षं, अठ्ठावन्न फेऱ्या, दोन ओळींत. प्रभुदेसायांनी लगेच कळवलं: मिळाला, पाच वाजून बेचाळीस मिनिटं. त्यांनी कारणसुद्धा विचारलं नाही, म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

खोलीचं दार उघडलं तर पॅसेज आवळत चालला होता. कॅलेंडरं एकावर एक चढत होती. मी पळालो. या वयात पळणं म्हणजे काय ते गुडघ्यांना विचारा. तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोचायला पाच वाजून छप्पन्न मिनिटं झाली.

शालन ओट्याशी उभी होती. मोबाइल तिच्या हातात होता. वर त्रेचाळीस देशांची यादी, दहांपुढे आकडे भरलेले, खाली पाठवायचं हिरवं बटण.

"पाठव ते," मी म्हणालो. मला धाप लागली होती.

"मंगळवारीच भरून ठेवलंय," ती म्हणाली. "तुम्ही मला किती दिलेत?"

हे गुप्त असतं, असं तोंडावर आलं होतं. पण मी आता कुणीच नव्हतो. खोटं सांगावं असंही मनात आलं. सहा वाजता गुणांचा तक्ता सगळ्यांना उघडतो, तो तिनेही बघितला असता.

"काही नाही," मी म्हणालो. "शून्य."

"का?"

"मला ते एस्टोनियन वाटलं."

तिने मान हलवली. दळण आणायला विसरलो असं मी सांगितलं की हलवते तशीच. रडली नाही. तिला ते आधीच माहीत असावं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं.

"शालन, नववा नियम वाचलायस ना?"

"सगळे पाठ आहेत मला. या घरात दुसरं काय कानावर पडतं?"

मी तिला म्हणालो की मला माफ कर, आणि बटण दाब. गाणं राहील, मी शंभरदा ऐकेन, रोज ऐकेन. एकतीस वर्षांत तिला मी असं कधी विनवलं नव्हतं. ती माझ्याकडे नीट बघत होती, मी खरं बोलतोय की नाही ते पाहत असावी. तो संशय तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला, आणि तो माझाच होता, माझ्याकडूनच शिकलेली होती ती.

"राहिलं की तुम्ही नंतर ऐकाल," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे तुमचं नंतर."

मी मोबाइलकडे हात केला. तिने तो ओट्यावर पालथा घातला आणि त्यावर आपला तळवा ठेवला. मग पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बसा," ती म्हणाली.

मी बसलो. भिंतीवरच्या घड्याळात सहाला पन्नास सेकंद कमी होते. गाणं दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं होतं. तिने घसा साफ केला, मोबाइलवरचा हात तसाच ठेवला आणि माझ्या डोळ्यांत बघत पहिल्या ओळीपासून गायला सुरुवात केली.