धुतलेला कोट

जांभळ्या अतिनील दिव्याखाली जुनी लोकर काळीच दिसते. जुना दोराही.

शुगर लँडच्या या अमेरिकन कॉलनीत मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला बंदी आहे.

गुरुदत्तच्या सोलापूरच्या घरी परक्याचे कपडे आधी उंबऱ्याबाहेरच्या बादलीत पडत.



"अरे, दिवा तरी लाव," गराजच्या दारातून त्याच्याकडे राहायला आलेली थोरली बहीण सुमित्राताई म्हणाली. "अंधारात काय चाचपडतोयस?"

"दिवाच लावलाय, ताई. दार लोटून घे."

गुरुदत्तने हातातला जांभळा दिवा पुन्हा कोटावर धरला. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन शिपायाचा कोट. निदान तो विकणारा, संग्राहकांच्या क्लबमधला डेल तरी तसं म्हणाला होता. पण कॉलर चमकत होती, शिवणी चमकत होत्या, बटणांमागचा दोराही निळसर पेटल्यासारखा दिसत होता. जुनं कापड असं चमकत नाही. चमकतो तो आजकालचा माल.

निवृत्त होईपर्यंत गुरुदत्त तेलाच्या पाइपांचे जोड तपासत असे. या गणवेशांवर त्याचं प्रेम नव्हतं, ते घालून हिंडलेल्यांवर तर नाहीच. त्याला खोटं पकडायला आवडे. हाच कोट त्याने डेलच्या घरी, याच दिव्याखाली, उलटासुलटा करून पाहिला होता. तेव्हा तो काळाकुट्ट दिसला होता आणि आतला मापाचा शिक्का ठसठशीत होता. आता शिक्का पुसट झालेला. मधल्या आठवड्यात गुरुदत्त मुलीकडे क्युपर्टिनोला गेला होता आणि डेल कोट पिशवीत भरून घरी देऊन गेला होता.

म्हणजे दाखवला एक आणि दिला दुसराच.

त्याने फोन लावला.

"डेल, पिशवी तूच भरलीस?"

"मीच. का?"

"कोट तोच होता? नक्की?"

"गुरू, तू मला नेमकं काय विचारतोयस?"

त्या उलट प्रश्नात गुरुदत्तला हवं ते उत्तर मिळालं. चमकत्या कॉलरचे फोटो त्याने संग्राहकांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, डेलकडून घेताना सांभाळून. तास-दोन तासांत शनिवारच्या प्रदर्शनातलं डेलचं टेबल काढून घेतलं गेलं. मग डेल ग्रुपमधूनच बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सुमित्राताई टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"तो तुझा मिलिटरीचा कोट नीट वाळला होता ना रे? बाहेर घालू देत नाहीत म्हणतोस, म्हणून बाथरूममध्येच टांगला. मेला दोन दिवस ठिबकत होता."

गुरुदत्तने कप खाली ठेवला. "तू धुतलास?"

"मग? कुणा मेलेल्याचा कोट, वर छातीवर ते तिरकं स्वस्तिक. देवघराच्या शेजारून तसाच नेऊ? मशीनमध्ये नाही हो टाकला, हातानं धुतला. तुमचं ते निळं लिक्विड अर्धी बाटली लागलं."

"मला सांगायचंस तरी."

"कपडे धुतले हे काय सांगायचं असतं? आणि तो गोरा म्हणालाच होता की. पिशवी देताना सारखं आपलं, नो वॉश, नो वॉश. मला वाटलं, धुतलेला नाहीये म्हणून बजावतोय. भला माणूस वाटला."

गुरुदत्तने डेलला फोन केला. दोनदा, तीनदा. त्याने उचलला नाही. मग ग्रुपवर लिहिलं: चूक माझी. कोट खरा आहे, माझ्या बहिणीने डिटर्जंटने धुतला म्हणून चमकतोय.

पहिलं उत्तर आलं, लोकरीचा कोट कोण धुतं? दुसरं आलं, आता दोघांनी मिळून ही गोष्ट रचली का? तिसऱ्याने नुसताच हसरा चेहरा टाकला. पुढच्या प्रदर्शनाचं बोलणं सुरू झालं, आणि त्याचा खुलासा वर सरकत दिसेनासा झाला.

गुरुदत्त कोट घेऊन डेलच्या घरी गेला तेव्हा तो व्हरांड्यात बसला होता. दमट उन्हात त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. कोट मांडीवर घेऊन त्याने कॉलरचा वास घेतला.

"लॅव्हेंडर," तो म्हणाला.

"माझ्या ताईने धुतला. तिला तुझं बोलणं कळलं नाही."

"तिची काय चूक? तिने हो म्हटलं, मी निघून आलो." डेलने कोटाच्या बाह्या नीट आत दुमडल्या. "पण तू फोन केला होतास ना? लिहिण्याआधी?"

"केला होता."

"मी सांगितलं होतं, पिशवी मीच भरली."

"हो."

"मग?"

समोरच्या घरी कुणीतरी लॉनवर पाणी मारत होतं. तपासायचं ते मी तपासलं, हे वाक्य गुरुदत्तच्या ओठांवर आलं, पण त्याने ते गिळलं.

"मी सगळ्यांना एकेकाला फोन करतो," तो म्हणाला.

"नको. मग तू एवढं का सांगतोयस, असं विचारतील." डेलने कोट त्याच्या हातात परत दिला. "तुझा आहे. सावलीत ठेव."

तो आत गेला. जाळीचं दार त्याने आपटलं नाही, हाताने धरून हळूच लावलं.

गुरुदत्त क्लबच्या मीटिंगला पहिल्यांदा गेला तेव्हा सगळ्यांनी त्याला जेवण पोचवायला आलेला माणूस समजलं होतं; आपल्या शेजारची खुर्ची डेलनेच ओढून दिली होती.